मोठ्या इंजिनाची लहानशी रिंग

गिरगावापासून परळपर्यंत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर यंत्रांचा आवाज जन्मापासूनच पडत असतो. कोणाचे आजोबा गिरणीत होते, कोणाचे वडील गोदीत आहेत, तर कोणाचा मामा रेल्वेच्या कारखान्यात. तथापि रोज ऐकू येणाऱ्या वस्तूविषयी आपण क्वचितच विचार करतो. म्हणून ह्या अंकात आम्ही एका अशा वस्तूची हकीकत सांगण्याचे योजिले आहे, की जी इंजिनाच्या पोटात दडलेली असल्यामुळे कोणास दिसत नाही, पण जिच्यावाचून आगगाडीचे वा जहाजाचे डिझेल इंजिन एक फेराही फिरणार नाही. ती वस्तू म्हणजे दट्ट्याभोवती, म्हणजे पिस्टनभोवती, बसविलेले बिडाचे कडे. कारखान्यात तिला ‘रिंग’ म्हणतात. आम्हीही तिला त्याच नावाने ओळखू.

हा विषय आम्हांस सुचला तो लालबागेतील एका लहानशा कारखान्यात. तेथे ससून गोदीतील एका नाखव्याच्या मच्छीमार होडीचे इंजिन दुरुस्तीस आले होते. श्रावणात हंगाम सुरू होण्यापूर्वी नाखव्याने दुसऱ्या एका ठिकाणी इंजिन उघडून नव्या रिंगा बसवून घेतल्या होत्या. परंतु होडी समुद्रात गेली ती निळा धूर ओकीतच; वंगणाचे तेल पाण्यासारखे संपू लागले, आणि आठव्या दिवशी सर्वांत वरची रिंग मोडून पडली. नाखवा हताश होऊन म्हणाला, “मिस्त्री, रिंगा नव्या, तेल नवे, तरी धूर का? हंगामाचे पहिले पंधरा दिवस माझे बुडाले. खलाशांना काय देऊ?” वृद्ध मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. त्यांनी आपले बोट सिलिंडरच्या आत घातले, वरच्या काठाजवळ फिरविले, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, तुम्हीही बोट फिरवून पाहा.” बोटाला काय लागले ते आम्ही शेवटी सांगू. तत्पूर्वी रिंग म्हणजे काय, तिचे काम कोणते, आणि तिच्यात आजवर कोणत्या सुधारणा झाल्या, हे समजून घेतले पाहिजे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा दट्ट्याने दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या हिश्शात कोंडली म्हणजे ती ५०० अंशांहून अधिक तापते. त्या तप्त हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो आणि दट्ट्यास जोराने खाली लोटतो. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याने ही कल्पना मांडली. १८९३ साली त्याने बांधलेले पहिले यंत्र स्वतःच्या बळावर चालले नाही. परंतु १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची जी परीक्षा झाली, तीत तेलातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर झाले. त्या काळच्या आगगाडीच्या वाफेच्या इंजिनास दहा टक्केही साधत नसत, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या शोधाचे महत्त्व कळेल. आज जहाजांवरील मोठी डिझेल इंजिने ५० टक्क्यांची मर्यादाही ओलांडून गेली आहेत.

परंतु ह्या सर्व यशाची एक अट आहे. दट्ट्या आणि सिलिंडर ह्यांच्यामधून हवा निसटता कामा नये. हवा निसटली तर ती पुरेशी दाबली जाणार नाही. दाबली नाही तर तापणार नाही. तापली नाही तर तेल पेटणार नाही. मग दट्ट्याच सिलिंडरात अगदी घट्ट का बसवू नये, असे कोणी विचारील. त्याचे कारण उघड आहे. दट्ट्या तापला की फुगतो. आणि घट्ट बसविलेला दट्ट्या फुगला की तो तेथेच जखडून बसतो. म्हणजे दट्ट्या सैल तर असला पाहिजे, आणि तरीही वायू गळता कामा नये. ह्या परस्परविरुद्ध मागण्या पुरवावयाच्या कशा, हाच रिंगेचा प्रश्न होय.

होळीच्या दिवसांत पितळेची पिचकारी वापरलेल्या मुलास ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर ठाऊक असते. पिचकारीच्या दांड्यास चिंधी वा सूत गुंडाळतात. ते पाण्याने फुगते आणि पाणी मागे येत नाही. वाफेच्या इंजिनांच्या आरंभकाळी नेमके हेच करीत. जेम्स वॉटच्या काळी दट्ट्याभोवती ताग, अंबाडी अशा जातीचे तंतू चरबीत भिजवून गुंडाळीत. पण वाफेचा दाब आणि उष्णता वाढू लागली तसे हे तंतू जळू लागले, आणि वारंवार इंजिन उघडून ते बदलणे भाग पडू लागले.

ह्यावर खरा उपाय शोधला तो जॉन रॅम्सबॉटम नावाच्या इंग्रज अभियंत्याने. मँचेस्टरनजीकच्या रेल्वे कारखान्याचा तो प्रमुख होता. १८५४ साली यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने आपल्या सुधारलेल्या दट्ट्याचे वर्णन वाचून दाखविले. त्याने दट्ट्याच्या अंगावर अरुंद खोबणी कापल्या आणि त्यांत धातूच्या एका ठिकाणी छेद दिलेल्या रिंगा बसविल्या. रिंग सिलिंडरापेक्षा किंचित मोठी; ती दाबून आत घातली की आपल्या अंगच्या ताणाने उमलू पाहते आणि सिलिंडरास चिकटून राहते. दट्ट्या सैलच राहतो. फट बुजविण्याचे काम रिंग करते. मुंबईच्या वाचकांस ह्या सालाचे विशेष वाटेल. कारण बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि कावसजी नानाभाई दावर ह्यांनी ताडदेव येथील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली. म्हणजे ज्या दोन उद्योगांनी आमच्या गिरणगावाचे रूप घडविले, त्यांचा आणि आजच्या रिंगेचा जन्म एकाच वेळचा आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण तिच्यावर पुढील सर्व विवेचन अवलंबून आहे. पुष्कळांचा असा समज असतो की रिंग जितकी ताठ, जितकी जोराने सिलिंडरास रेटणारी, तितकी ती चांगली. हा समज बरोबर नाही. सायकलला हवा भरण्याचा पंप उघडून पाहा. त्याच्या दांड्याच्या टोकाशी चामड्याची एक वाटी असते. ती हाताने सरकविली तर सहज सरकते. पण पंप दाबताच कोंडलेली हवा त्या वाटीत शिरून तिच्या कडा बाहेर पसरविते, आणि दाब जितका वाढेल तितकी वाटी अधिक घट्ट बसते. रिंगेचेही तसेच आहे. तिच्या अंगचा ताण केवळ पहिला स्पर्श टिकविण्यापुरता असतो. खरा जोर लावतो तो कोंडलेला वायू. तो खोबणीत रिंगेच्या वरून उतरतो, तिच्या पाठीमागे जातो, आणि तिला खाली खोबणीच्या तळाशी व बाहेर सिलिंडराशी दाबून धरतो. ज्या शत्रूला अडवावयाचे, त्याच्याच बळाने त्याला अडवावयाचे, अशी ही युक्ती आहे. म्हणून रिंग खोबणीत मोकळी हललीच पाहिजे. काजळीने ती खोबणीत चिकटली की वायूला पाठीमागे जाता येत नाही, आणि मग नवी कोरी रिंगही निरुपयोगी ठरते.

वायू अडविण्याखेरीज रिंगेस आणखी दोन कामे असतात. दट्ट्याच्या माथ्यावर ज्वाला असते. त्या उष्णतेचा मोठा भाग, विशेषतः लहान व मध्यम इंजिनांत, रिंगांतूनच सिलिंडराच्या थंड भिंतीत जातो. तसेच आगगाडीच्या इंजिनासारख्या यंत्रांत खालच्या एकदोन रिंगा भिंतीवरील जादा तेल खरवडून खाली पाठवितात. तेल फार राहिले तर ते जळून निळा धूर होतो. अगदीच राहिले नाही तर लोखंडावर लोखंड घासून दोन्ही पृष्ठभाग सोलून निघतात. रिंग आणि भिंत ह्यांच्यामध्ये तेलाचा जो थर राखावयाचा, तो मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतका पातळ असतो.

रिंगेच्या छेदाविषयी शाळेतील गणिताच्या साहाय्याने दोन गोष्टी सांगतो. २००६ साली समुद्रात उतरलेल्या ‘एमा मेर्स्क’ ह्या प्रचंड मालवाहू जहाजाच्या इंजिनात चौदा सिलिंडर आहेत, आणि प्रत्येकाचा व्यास ९६० मिलिमीटर आहे. तीतील एक रिंग जमिनीवर ठेवली तर पाचवीतील दोघे विद्यार्थी तीत सहज उभे राहतील. तिचा परीघ तीन मीटरांहून थोडा अधिक. बीड एका अंशाने तापले की आपल्या लांबीच्या एक लक्षांशाहून किंचित अधिक वाढते; यास्तव ही रिंग १५० अंशांनी तापली तर तिची लांबी सुमारे ५ मिलिमीटर वाढेल. छेदात ही वाढ सामावण्यास जागा ठेवली नाही तर रिंगेची दोन टोके एकमेकांवर आदळतील, आणि रिंग मोडेल किंवा भिंत सोलून काढील. उलट जागा फार ठेवली तर तेथून वायू निसटेल. म्हणून फिटर नवी रिंग प्रथम नुसत्या सिलिंडरात ठेवून, पोलादाच्या पातळ पट्ट्यांनी म्हणजे फिलर गेजने, तिचा छेद मोजतो.

दुसरी गोष्ट ह्याहून मौजेची आहे. रिंग बाहेरील बाजूने सर्वत्र ०.१ मिलिमीटर झिजली, तर सिलिंडरास टेकण्यासाठी तिला तेवढे अधिक उमलावे लागते. परीघ म्हणजे त्रिज्येच्या दोन पाय पट. तेव्हा छेद सुमारे ०.६३ मिलिमीटरने रुंदावतो. डोळ्यांस न दिसणारी झीज छेदाच्या ठिकाणी सहापटींहून अधिक मोठी होऊन प्रकट होते! ज्या विद्यार्थ्यांस ‘२२/७ शिकून काय उपयोग’ असे वाटते, त्यांनी परळच्या वा माझगावच्या कोणत्याही फिटरास हा प्रश्न विचारावा.

आता ही लहानशी वस्तू किती श्रम सोसते ते पाहू. वरील जहाजाच्या सिलिंडराच्या तोंडाचे क्षेत्रफळ ७,२०० चौरस सेंटिमीटरांहून अधिक आहे. ज्वलनाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरवर १५० किलोग्रॅमचा दाब धरला, तरी दट्ट्यावर एक हजार टनांहून अधिक भार पडतो. आणि तो मिनिटास सुमारे शंभर वेळा पडतो. दट्ट्याची एक चाल अडीच मीटरांची, मिनिटास १०२ फेरे. म्हणजे रिंग सेकंदास सरासरी साडेआठ मीटर धावते. मुंबई ते नागपूर हे ८३७ किलोमीटरांचे अंतर ती सिलिंडराच्या आतल्या आत वरखाली करून सत्तावीस-अठ्ठावीस तासांत संपविते, आणि जहाज परदेशच्या बंदरास लागेपर्यंत कित्येक दिवस विसावा घेत नाही. लहान इंजिनाची गती कमी असेल असे मात्र समजू नये. १९६२ साली अमेरिकेतून आलेल्या व पुढे १९६४ पासून वाराणसीस बांधल्या गेलेल्या २,६०० अश्वशक्तीच्या रेल्वे-इंजिनाचा सिलिंडर अवघा नऊ इंच व्यासाचा. पण त्याचे फेरे मिनिटास एक हजार. हिशोब केल्यास त्याच्या रिंगेची गती जहाजाच्या रिंगेहून थोडी अधिकच भरते.

ह्या प्रवासात रिंगेस चार शत्रू भेटतात. पहिला घर्षण. दुसरा काजळी, जी रिंगेला खोबणीत जखडते. तिसरा आम्ल. १९१२ साली कोपनहेगनहून निघालेल्या ‘सेलांडिया’ ह्या जहाजाने डिझेल इंजिनावर महासागर ओलांडता येतो हे सिद्ध केले, तेव्हापासून बरीच वर्षे अशा जहाजांत स्वच्छ तेल जाळीत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, ‘ऑरिक्युला’ ह्या तेलवाहू जहाजावर जॉन लँब ह्यांनी बॉयलरखाली जाळण्याचे जाड, स्वस्त तेल डिझेल इंजिनात जाळून पाहिले. प्रयोग यशस्वी झाला व खर्च वाचला; पण त्या तेलातील गंधकापासून गंधकाम्ल तयार होऊन रिंगा व भिंती झपाट्याने झिजू लागल्या. चौथा शत्रू म्हणजे तेलशुद्धीच्या कारखान्यातून जाड तेलात उतरणारे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन ह्यांचे अतिसूक्ष्म, बिडाहून कठीण कण. ते कानशीसारखे काम करतात; म्हणून जहाजावर तेल आधी गरगर फिरवून निवळून घ्यावे लागते.

ह्या शत्रूंशी लढताना ज्या सुधारणा झाल्या त्या चार प्रकारच्या आहेत.

पहिली सुधारणा धातूची. रिंग पोलादाचीच करावी असे प्रथमदर्शनी वाटते; परंतु दीर्घकाळ बीडच श्रेष्ठ ठरले. राखी बिडात ग्रॅफाइटचे, म्हणजे आपल्या पेन्सिलीतील शिशाच्या जातीचे, बारीक पापुद्रे विखुरलेले असतात. ते स्वतः वंगणाचे काम करतात, आणि त्यांच्या जागी तेल धरून ठेवले जाते. मात्र असे बीड ठिसूळ असते. म्हणून पुढे त्यात क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम अशा धातूंची भर घातली गेली, आणि ग्रॅफाइटचा आकार पापुद्र्यांऐवजी गोळ्यांचा वा किड्यासारखा वळणदार करून बिडाची चिवटाई वाढविली गेली.

दुसरी सुधारणा लेपाची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिंगेवर क्रोमियमचा कठीण मुलामा देण्याची रीत पसरली. पुढे मॉलिब्डेनम वितळवून फवारण्याची, आणि नंतर क्रोमियमच्या बारीक भेगांत चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचे कण भरण्याची विद्या साधली. पण येथे एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो. जोडीतील एक पृष्ठभाग क्रोमियमचा असेल तर दुसरा तसा नसावा. वर सांगितलेल्या रेल्वे-इंजिनाच्या सिलिंडराच्या आतील अस्तरासच, म्हणजे लाइनरलाच, क्रोमियमचा मुलामा असतो. म्हणून तेथे रिंग साधी हवी. क्रोमियमवर क्रोमियम घासले तर दोन्ही सोलून निघतात. उत्तम वस्तूला उत्तम वस्तूची जोड दिली की परिणाम उत्तमच होईल, असा नियम यंत्रशास्त्रात नाही.

तिसरी सुधारणा आकाराची. वापरलेल्या चांगल्या रिंगांचे निरीक्षण केले असता असे दिसले की त्यांचा घासणारा चेहरा सपाट न राहता पिंपाच्या पोटासारखा किंचित फुगीर होतो. त्यायोगे वर जाताना व खाली येताना रिंगेच्या कडेखाली तेल शिरते. तेव्हा रिंग मुळातच तशी घडविणे सुरू झाले. तसेच काही इंजिनांत रिंगेचा छेद पाचरीसारखा करतात. दट्ट्याच्या हालचालीबरोबर ती खोबणीत थोडी आतबाहेर सरकते आणि साचू पाहणारी काजळी फोडून टाकते.

चौथी सुधारणा सर्वांत नवलाची. दट्ट्यावर साधारण चार रिंगा असल्या, तरी सर्वांत वरची रिंग बहुतेक सर्व दाब आणि उष्णता एकटी सोसते, आणि खालच्या रिंगा निवांत असतात. वरची थकून मोडली की भार एकदम दुसरीवर येतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मोठ्या जहाज-इंजिनांच्या कारखानदारांनी वरची रिंग अशी बनविली की तिच्या छेदाची टोके एकमेकांत गुंतून तेथली गळती पूर्ण थांबते; मात्र तिच्या चेहऱ्यावर काही बारीक, तिरप्या खाचा मुद्दाम ठेवलेल्या असतात, व त्यांतून थोडा वायू मोजून मापून खाली सोडला जातो. दीडशे वर्षे गळती बंद करण्यासाठी झटलेल्या मनुष्याने अखेर गळतीच योजनापूर्वक ठेवली! कारण थोडा दाब खाली उतरला की भार सर्व रिंगांत वाटला जातो, आणि भिंतीचा कोणताही एक भाग अति तापत नाही.

ह्यांच्या जोडीने वंगणातही सुधारणा झाली. १९५० नंतरच्या दशकात गंधकाम्लास मारणारी अल्कधर्मी तेले निघाली आणि लाइनरची झीज पुष्कळ घटली. पूर्वी हजार तासांत ०.१ मिलिमीटर झीज साधारण मानीत. आता तिच्या निम्म्याहूनही कमी झिजेची अपेक्षा धरतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधक ३.५० टक्क्यांऐवजी ०.५० टक्क्यांहून अधिक नसावे असा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला. तेव्हा असे आढळले की आम्ल कमी आणि अल्क जास्त झाले, तर उरलेल्या अल्काचे कठीण थर दट्ट्यावर साचून भिंतीवरचे तेल पुसून टाकतात. औषधाची मात्रा रोगाच्या मानानेच हवी, हे वैद्याप्रमाणे अभियंत्यासही शिकावे लागले.

आता लालबागेच्या कारखान्यात परत जाऊ. मिस्त्रींच्या सांगण्यावरून आम्ही सिलिंडरात बोट फिरविले, तेव्हा वरच्या काठाखाली एक बारीक पायरी लागली. जुन्या रिंगा जेथवर पोहोचत, तेथवरची भिंत वर्षानुवर्षे झिजली होती. त्याच्या वरचा पट्टा न झिजता तसाच राहिला होता. पूर्वीच्या कारागिराने घाईत नवी रिंग घातली. नव्या रिंगेची कड अखंड आणि धारदार. ती दर फेऱ्यास त्या पायरीवर आदळली आणि मोडली. शिवाय भिंत वर रुंद, खाली अरुंद, आणि आरशासारखी गुळगुळीत झालेली; त्यामुळे तीवर तेल ठरेना आणि खालच्या रिंगाही नीट बसेनात. म्हणून निळा धूर. मिस्त्री नाखव्यास म्हणाले, “नाखवा, रिंगेचा दोष नाही. घर न पाहता सून आणली, आणि मग सुनेला बोल लावला.” त्यांनी नवा लाइनर बसविला, प्रत्येक रिंगेचा छेद मोजला, खोबणीतील काजळी खरवडली, आणि तिसऱ्या दिवशी इंजिन स्वच्छ श्वास घेऊ लागले. ह्या कामात सर्वांत अधिक वेळ लागला तो मोजण्यात.

ही मोजणी केवळ पैशाची बाब नाही. दट्ट्या व रिंगा बिघडल्या म्हणजे ज्वाला खाली उतरते, तेल जळते, दट्ट्या तापून लाल होतो. ११ सप्टेंबर १९४७ रोजी ‘रेना देल पॅसिफिको’ ह्या जहाजाची दुरुस्तीनंतर बेलफास्टजवळच्या समुद्रात चाचणी चालू असता एक दट्ट्या अतिशय तापला, त्याने इंजिनाच्या पेटीतील तेलाचे धुके पेटले, आणि त्या स्फोटात २८ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे अशा इंजिनांच्या पेट्यांना स्फोटाचा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपा लावण्याचा आग्रह धरला जाऊ लागला, त्यास हा अपघात मोठे कारण झाला. इंजिनाच्या पोटातील अंतरे शतांश मिलिमीटरांनी मोजणारा मनुष्य यंत्राबरोबर माणसांचेही रक्षण करीत असतो.

आमच्या भागाचा ह्या विद्येशी संबंध जुना आहे. जी. आय. पी. रेल्वेचा परळचा कारखाना १८७९ सालचा. तेथे प्रथम वाफेची आणि पुढे डिझेलची इंजिने दुरुस्त झाली. आणि गिरणगावातील कित्येक घरांत कॅलिपर व फिलर गेज ही हत्यारे देव्हाऱ्याइतक्याच आदराने ठेवली गेली. लोकल गाड्या १९२५ पासून विजेवर धावू लागल्या, आणि आता लांब पल्ल्याच्या गाड्यांसही बहुतेक मार्गांवर वीजच ओढते. तरी बंदरात उभी असलेली जहाजे, ससून गोदीतील होड्या, आणि वीज जाताच रुग्णालयातील शस्त्रक्रियेचा दिवा पुन्हा लावणारी जनित्रे ही अद्याप त्या बिडाच्या कड्यावरच विसंबून आहेत.

शेवटी एक विचार. रिंग आणि लाइनर एकमेकांवर घासतात; दोघांपैकी कोणी तरी झिजणारच. लाइनर महाग, बदलण्यास अवघड. रिंग स्वस्त, बदलण्यास सोपी. म्हणून शहाणे अभियंते रिंग अशी घडवितात की झीज शक्य तितकी तिनेच सोसावी. झीज अजिबात नाहीशी करण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. ती कोठे आणि किती व्हावी, एवढे आपल्या हाती ठेवले. पालकांस आमची विनंती अशी की, एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी मुलांस ओळखीच्या कारखान्यात घेऊन जावे, आणि जुनी झिजलेली रिंग त्यांच्या हातात ठेवावी. तिची आतील कड खरखरीत आणि बाहेरील कड आरशासारखी चकचकीत असेल. ती चकाकी तिने केलेल्या प्रवासाची होय. आणि तो प्रवास किती किलोमीटरांचा झाला असावा, ह्याचा हिशोब आमचे विद्यार्थी आता स्वतः करू शकतील.